नऊ प्रश्नांचा कागद

रुग्णालयातल्या झेरॉक्स मशीनने तिचा कागद गिळला, तशी ती वैतागून म्हणाली, "बरंच झालं! असले प्रश्न लिहिणाऱ्याला आधी माणसांशी बोलायला शिकवायला हवं."

"शिकवा की," मागून आवाज आला. "मीच तो."

ती गर्रकन वळली. मानसोपचार विभागातला डॉक्टर – बाह्या दुमडलेल्या, ओठांत दाबलेलं हसू. तिचे कान तापले.

परक्या भाषेतली, उदासी मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्याने आपल्या भाषेत आणली होती. मूळ कागद न बघता ती प्रश्नावली पुन्हा त्या परक्या भाषेत न्यायची, म्हणजे अर्थ कुठे निसटला ते कळतं. हे काम तिचं, ती भाषांतरकार.

"'आपणांस नैराश्यपूर्ण वाटते का?' असं कोण बोलतं हो?"

"मग कसं विचारू?"

"'कशातच मन लागत नाही', 'आतून रितं रितं वाटतं'... असं."

दीड महिना दोघं बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसून लोकांना प्रश्न विचारत होते, काय समजलं ते टिपत होते. "झोप लागते का?" यावर एक आजी म्हणाल्या, "तुमचे प्रश्न संपले की लागेल!" दोघंही हसून लोटपोट. तो तिला मास्तरीणबाई म्हणू लागला. चहाचा कप देताना बोटं जराशी रेंगाळू लागली...

शेवटी, किती वेळ लागतो ते बघायला दोघांनी स्वतःच कागद भरले.

"बघू, मास्तरीणबाई किती सुखात आहेत ते!" त्याने तिचा कागद ओढला आणि त्याचं हसू मावळलं. जवळपास सगळ्या खुणा एकाच रकान्यात – 'जवळजवळ रोज'.

"हे... खरंय?"

"भाऊ गेला त्याला आठ महिने झाले. घरी आई रडते. दोघींनी रडून कसं चालेल?"

त्याने कागद हळूच बाकावर ठेवला. "आमच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टर मॅडमना भेटा. मी वेळ घेऊन देतो."

"तुम्ही नाही का बघणार मला?"

"नाही. डॉक्टरच्या नजरेने तुमच्याकडे बघणं... मला जमत नाही. आज तेच सांगणार होतो."

तिने मान खाली घातली. "मलाही तुम्ही आवडता. पण आठ महिन्यांत दुसरं काहीच आवडलेलं नाही हो. मग हे प्रेम, की बुडताना सापडलेला हात? मलाच कळत नाही. तुम्हाला फसवायचं नाहीये मला."

पुढच्या आठवड्यात त्याची दुसऱ्या गावी बदली होती. "मी थांबू तुमच्यासाठी?"

"नका. तुम्ही वाट बघत असलात की मला घाईघाईने बरं व्हावं लागेल."

शनिवारी तो गेला. सोमवारी ती मॅडमसमोर बसली. त्यांनी नुसती खुर्ची जवळ ओढली, आणि तिचा बांध फुटला. भावासाठी किती अन् त्याच्यासाठी किती, तिचं तिलाही कळेना.

घरी येताच आईने विचारलं, "डोळे का गं लाल?"

एरवी तिने धुळीवर ढकललं असतं.

"रडले गं, आई."

आई पलंगावर जराशी सरकली आणि तिने लेकीला जागा करून दिली.