उजेडाची उंची

"ओ मॅडम, लाईट लावा की!"

अहमदपूर मागे टाकून थोडीच पुढे आले होते. दिवेलागणीची वेळ, श्रावणातली भुरभुर, आणि शेजारून मोटारसायकलवर एक माणूस ओरडत होता. मी काच खाली केली.

"लावलेत!"

त्याने वाकून माझ्या गाडीच्या पुढ्यात बघितलं, मग माझ्याकडे. "हे... लावलेत?"

मला हसू आलं आणि रागही. बाबांची पद्मिनी होती ती, पांढरी, माझ्याहून वयाने मोठी. बाबा गेल्यावर तिला कोणी नावं ठेवली की मला घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागायचं. आता दिवे लागलेत की नाही हे बघायला मलाही खाली उतरावं लागायचं, ही गोष्ट वेगळी.

"मी पुढं ऱ्हातो. माझ्या लाईटमागं या हळूहळू," तो म्हणाला. आणि शिरूर ताजबंदच्या फाट्यापर्यंत तो खरंच पुढे राहिला. खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा. फाट्यावर थांबून म्हणाला, "मार्केट यार्डासमोर गाड्यांच्या बॅटऱ्या-लाईटचं दुकान हाय माझं. दयानंद म्हणून विचारा, कुणीबी सांगंल." आणि गाडी वळवून आल्या वाटेने परत गेला. त्याला फाट्यापर्यंत यायचंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी अंबिका. अहमदपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर पोरांचा गलका असतो. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडलं की सकाळी ठेवलेला चहाचा कप ओट्यावर तिथेच, तसाच. तो कप कोणीतरी हलवलेला असावा, एवढंच मला हवं होतं. लग्न, संसार हे मोठे शब्द मी तिशी उलटल्यावर सोडून दिले होते. शनिवारी जादा तास संपवून उदगीरला आईकडे जायचं, हीच काय ती सोबत. आणि आता आई फोनवर म्हणू लागली होती, "अंधारात येऊ नको अंबी, त्या गाडीत तर नकोच नको."

म्हणून मी दिवे बदलून घ्यायला दयानंदच्या दुकानात गेले आणि अटी घातल्या.

"बाहेरून काही बदललेलं दिसायला नको. दिव्यांची काच तीच, रिंग तीच. काचेवरची ही काळी पट्टी बाबा दर दसऱ्याला स्वतः ब्रशने ओढायचे. तिला थिनर लावलं तर बघा."

"म्हंजे म्हातारीचे डोळे नवे, पर चष्मा त्योच."

"म्हातारी कोणाला म्हणता?"

"गाडीला, मॅडम... गाडीला."

त्याने आधी बसवलेले एलईडी इतके पांढरेफटक होते की मी ते काढायला लावले. "हा दवाखान्यातला उजेड आहे. पद्मिनीला पिवळसरच शोभतो." तसे बल्ब नांदेडहून येईपर्यंत माझ्या दुकानात फेऱ्या झाल्या. काम लांबलं म्हणून मी चिडायला हवं होतं. मी मात्र शाळेतून निघताना केस नीट करू लागले.

जुन्या बटणावर भार येऊ नये म्हणून त्याने बॉनेटखाली रिले बसवला आणि नवी वायर जुन्यासारखी काळ्या कापडी पट्टीत गुंडाळली. मी स्टुलावर बसून बघायची. त्याचं घर हिमायतनगरला. इथे तो दुकानामागच्या खोलीत राहायचा.

"एकटेच?"

"न्हाई, मी आन बॅटऱ्या," तो म्हणाला. "लई गरीब हायत. एका शब्दानं उलटून बोलत न्हाईत."

तो हसला, पण डोळे वायरवरच होते. मला त्याच्या हसण्यातलं ते रिकामेपण ओळखीचं वाटलं.

शेवटच्या दिवशी, अंधारून आल्यावर, त्याने गाडी गोदामाच्या भिंतीसमोर उभी केली. भिंतीवर खडूने रेघ मारली. उजेड त्या रेघेखाली राहायला हवा, वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात.

"स्टेअरिंगवर तुमीच बसा. चालवणाऱ्याचं वजन पायजे गाडीत." मग जरा थांबून, "शेजारी... कोण बसतं?"

"कोणी नाही."

"मागं?"

"कोणीच नाही हो."

साधा प्रश्न होता, पण मी उगाच समोरच्या रेघेकडे बघत राहिले. तो आत जाऊन वाळूचं एक पोतं घेऊन आला आणि माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं.

"हे कशाला?"

"असू द्या. जुन्या स्प्रिंगा हायत," असं पुटपुटत तो दिव्यांचे स्क्रू फिरवायला बसला. उजेड त्याच्या मनगटावर पडला होता. मी बाई असून पोरीसारखी बघत राहिले. काम झाल्यावर त्याने पोतं उचलून नेलं.

त्या शनिवारी उदगीरच्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिप्पर मारत होता. एका ट्रकवाल्याने तर शिवी हासडली. सोमवारी मी तणतणत दुकानात शिरले.

"उजेड वर जातोय! साधं काम जमलं नाही तुम्हाला?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. "चुकून न्हाई झालं, मॅडम."

"म्हणजे?"

"दोघांच्या वजनावर लावला व्हता. पोतं त्याच्यासाठीच. शेजारी कुणी बसलं की पुढून गाडी दबती, मग बरोबर पडतो."

"पण मी सांगितलं होतं ना, कोणी बसत नाही म्हणून!"

"हाव. सांगितलं व्हतं..." त्याने मान वर केली. "ऐकून बरं न्हाई वाटलं. म्हणलं, कवातरी मीच बसंन."

बोलायची वेळ माझी होती. वर्गात तासभर बोलते मी, पाणीसुद्धा न पिता. आणि तिथे तोंडातून निघालं ते एवढंच, "एकटीच्या वजनावर लावून द्या."

"बरं," तो म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीपुढे बसला. पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी रस्ता स्वच्छ दिसत होता. कडेची बाभळ, खड्डे, पाण्याची डबकी, सगळं. उजेड पिवळसर, अगदी बाबांच्या वेळचा वाटावा असा. एकाही गाडीने डिप्पर मारला नाही. रस्ताभर कोणी माझी दखलच घेतली नाही, आणि मला रडू फुटलं. शिरूर ताजबंदच्या फाट्यावर गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"मॅडम? लाईट गेला का?"

"नाही. एकदम बरोबर पडतोय."

"मग?"

"मग मलाच बरोबर वाटत नाही, दयानंद."

पलीकडे काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा आवाज झाला. काचेवर भुरभुर चालू होती.

"उजेड परत दोघांच्या वजनावर लावायचा आहे," मी म्हणाले. "कायमचा."

"तिथंच थांबा... हलू नका. आत्ता मोटारसायकल काढतो आन—"

"मोटारसायकल नको."

"मग कसा येऊ?"

"फाट्यावर थांबलेय मी, एसटीने या," मी डोळे पुसत म्हणाले. "इथून पुढे माझ्या शेजारी बसायचंय. आई जेवायला थांबलीय."