पदरात घातलेलं परत घेतलं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. पण मनाने रचली म्हणाल, तर भांडेन.

ज्या उन्हाळ्यात गुंजनला पोहण्याचा ए डिप्लोमा मिळाला, त्या उन्हाळ्याची. साल २०२३. गुंजन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, शुभदाची नात. सात वर्षांची. हॉलंडात न्यूनेन म्हणून गाव आहे, तिथे राहते. बाप यतीन जवळच्या बेस्ट नावाच्या गावात इंजिनियर. तिकडे पोरांना अंगावरच्या कपड्यांनी, पायातल्या बुटांनी पोहून दाखवावं लागतं, तेव्हा कागद मिळतो. पोरीने दाखवलं. बक्षीस म्हणून जुलैत सगळे ग्रीसच्या एका बेटावर गेले. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली शुभदाही गेली.

गाव लहान. एक रस्ता, चार खानावळी, उथळ निळं पाणी. जिकडेतिकडे पोरंबाळं. दुपारी दोन ते पाच मात्र सगळं बंद.

"पुणेकरांनी वसवलंय वाटतं," यतीन म्हणाला.

समुद्राकडच्या वळणावर, खांबावर एक घुमटी होती. टपालपेटीएवढी. काचेचं दार, आत तेलाचा दिवा, आणि उन्हाने फिका झालेला एका बाईचा फोटो.

शुभदा चपला काढून उभी राहिली. परक्या गावात पाऊल टाकलं की आधी गावदेवीला नमस्कार, मग पाणी. आमच्या आईची शिकवण.

"आई, हे देऊळच आहे का नक्की?" सून वल्लरीने विचारलं.

"दिवा आहे, बाई आहे. आता काय कळस पण हवा का तुला?"

तिने पिशवीतली खडीसाखर आत ठेवली. गुंजनचं डोकं खांबाला टेकवलं. आणि म्हणाली, "माय, हे लेकरू तुझ्या पदरात घातलं. सांभाळ."

दिवा विझलेला होता. कुणी हात लावला नाही...

तरी तो लागला.

शुभदाला वाटलं, कौल मिळाला.

दुसऱ्या दिवशीची दुपार. सगळे झोपले होते. बाहेर झाडांवर किडे किर्रर्र करत होते. तो आवाज तिथे दिवसभर थांबत नाही.

तो थांबला.

शुभदाला त्या शांततेनेच जाग आली. शेजारी गुंजन नव्हती. ती गॅलरीत उभी राहून कुणाला तरी हात करत होती.

"कोण गं?"

"ती मेव्हराऊ," गुंजन म्हणाली. तिकडे बाईमाणसाला मेव्हराऊ म्हणतात. "फोटोतली. म्हणते, कम."

वाळू रिकामी होती. चिटपाखरू नाही.

फक्त ओल्या पावलांची एक रांग... पाण्यातून निघून त्यांच्या जिन्यापर्यंत आलेली.

परत गेलेली पावलं नव्हती.

सकाळी शुभदाने घरमालकिणीला गाठलं. मधे यतीनचा फोन, तो भाषांतर करत होता. म्हातारी ऐकत गेली आणि कपाळावर क्रूस काढत गेली. ते देऊळ नव्हतं. जिथे माणूस अपघाताने जातं, तिथे घरचे असा खांब उभारतात. हा कल्लिओपीचा. तिची सात वर्षांची मुलगी भर दुपारी पाण्यात ओढली गेली. आई मागून शिरली. आईचं प्रेत मिळालं. मुलीचं नाही.

"ती अजून शोधते," म्हातारी म्हणाली.

 शोधणाऱ्या बाईच्या पदरात शुभदाने आपल्या हाताने लेकरू घातलं होतं.

"आई, योगायोग असतात," यतीन म्हणाला. "उद्या निघतोच आहोत."

"तू झोप. मी बसते."

त्या दुपारी तिने दाराला आडवी खुर्ची लावली आणि वर बसली. साताऱ्याची बाई, जागायला घाबरत नाही. डोळा लागला तो क्षणभर.

किडे थांबले.

डोळे उघडले तर दार सताड उघडं. खुर्ची हातभर बाजूला सरकलेली... आणि शुभदा तिच्यावरच बसलेली.

ती अनवाणी पळाली. वाळू तव्यासारखी तापलेली.

गुंजन छातीभर पाण्यात होती. फ्रॉक अंगावर, बूट पायात. परीक्षेला गेली होती तशीच. चालत आत निघाली होती. एक हात वर, जसा मूल मोठ्या माणसाचा हात धरतं.

त्या हातात काही नव्हतं.

शुभदाला पोहता येत नाही. जन्मात गुडघ्यावर पाणी घेतलं नव्हतं. ती साडीसकट आत शिरली आणि नातीचा दुसरा हात धरला.

पलीकडून ओढ लागली.

जोर आईचा होता. शुभदाने तो ओळखला.

ती ओरडली नाही. शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"बाई, चूक माझी. मी तुला देवी समजले. तुझं लेकरू गेलं, त्याचं वाईट वाटतं मला. पण हे माझं आहे. दिलेलं परत घेते. राग आला तर माझ्यावर काढ. न्यूनेनला ये. दुपारी मी घरीच असते."

ओढ सुटली. दोघी मागे पडल्या.

ओल्या साडीनेच ती घुमटीकडे गेली. ठेवलेला नैवेद्य कुणी परत घेत नाही. तिने खडा न् खडा वेचून घेतला. दिव्यात तेल घातलं, नमस्कार केला नाही, आणि निघाली.

ऑगस्टमध्ये तिचा मला न्यूनेनहून फोन आला.

"अक्का, आली बरं का ती."

"कोण?"

"पाहुणी. रोज दुपारी बागेतले पक्षी गप्प होतात. मग मागच्या दारापासून फरशीवर ओली पावलं. वल्लरी म्हणते पाइप गळतो. यतीनने प्लंबर पण आणला."

"अगं, मग?"

"मग काय. जिन्याखाली खुर्ची टाकून बसते. वर गुंजनची खोली आहे. पावलं माझ्यापाशी येऊन थांबतात. तिला म्हटलं, बस हवी तेवढी. वर जायचं नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून काय उठू?"

यतीनने नंतर मला सांगितलं, त्या शेवटच्या दुपारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाणी नव्हतं. खुर्चीभोवती होतं, ते खारट होतं. शुभदाची साडी छातीपर्यंत भिजलेली होती. न्यूनेनहून समुद्र गाडीने तासाभराच्याही पुढे आहे.

गुंजनला त्यानंतर कुणी बोलावलं नाही. आता ती कुठल्याही पाण्यात उतरते. उतरू दे. मी इथे साताऱ्यात दुपारी घरात एकटी असते. पक्षी गप्प झाले की हात थांबतात. तरी दार उघडंच ठेवते. पाहुणी येईल, नाही तर बहीण येईल.

शुभदा गेली ती २३ ऑगस्ट २०२३ला, बुधवारी, दुपारी अडीच वाजता, न्यूनेनच्या घरात, खुर्चीत बसलेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. वय सदुसष्ट.