टाकीला बसवलेलं जहाजाचं दार

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल वाटू द्यावं. मी शिकलेली बाई नाही. अक्षरं ओळखायला लागले ती उपासनेच्या गीतांच्या पुस्तकावरून. पण गोष्टी रचत बसायला मला सवड नाही. हे यंदा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी घडलं, भर दुपारी, श्रीरामपूरजवळच्या आमच्या मळ्यात.

आणि अजून संपलेलं नाही...

माझा धाकटा भाऊ नोहा नौदलात होता. बायबलातल्या तारू बांधणाऱ्या नोहाचं नाव ठेवल्यावर पोरगं जहाजावरच जाणार, असं वडील म्हणायचे. त्याचं जहाज सैनिक आणि रणगाडे पोटात घेऊन किनाऱ्याला पोचवायचं. मागचा मोठा दरवाजा उघडून मुद्दाम समुद्र आत घ्यायचे, म्हणजे पोटातल्या होड्या तरंगत बाहेर पडायच्या. एकाच नकाशावरून बांधलेली अशी आणखी काही जहाजं होती. त्यांना बहिणी म्हणतात. धाकट्या बहिणींमध्ये थोडेफार फेरफार, बाकी सगळं सारखं.

निवृत्त होऊन आला आणि उसाला पाणी साठवायला नोहाने मळ्यात टाकी बांधली. पुरुषभर उंच, वर स्लॅब, आणि गाळ काढायला आत शिरता यावं म्हणून बाजूला एक लोखंडी दार.

ते दार जहाजाचं होतं.

भंगारवाला म्हणाला, तुमच्याच जहाजाचं आहे. नोहाने घासाघीस न करता उचललं. लग्नातसुद्धा एवढा खूश नव्हता.

दाराबरोबर त्याने जहाजावरचा नियमही आणला. पाणी सोडण्याआधी बाहेरून पान्याने तीनदा ठोकायचं. आत कुणी असेल तर तो उलट ठोकणार. उत्तर नाही आलं तरच पाणी.

त्या आठवड्यात पाटाला पाणी सुटलं होतं. त्याची बायको प्रार्थना लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, म्हणून भाकरी मीच द्यायची. माझं सासर गावातच. शुक्रवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा तो दारावर ठोकत होता.

टक्. टक्. टक्.

आणि आतून...

टक्. टक्. टक्.

नोहाने दार उघडलं. आत कुणी नाही. कोरडी फरशी. घुमलं असेल, असं मी म्हटलं. त्याने दार लावून पुन्हा ठोकलं.

पुन्हा उत्तर आलं.

त्या दिवशी त्याने पाण्याची मोटार चालू केली नाही. शनिवारीही नाही. ऊस माना टाकायला लागला. शेजारचा पुंजाराम बांधावरून म्हणाला, "काय नोहाभाऊ, समिंदर पालथा घातला अन् टाकीला भ्यायला व्हय?"

नोहा हसला नाही. जेवलाही नाही. टाकीपाशी बसून राहिला.

मी त्याला सरळ विचारलं, की बाबा, तुमच्या जहाजावर कुणी आत राहिलं होतं का?

"न्हाई आक्का. आमचं माणूस कदी राहिलं न्हाई."

मग त्याने दाराच्या कडेवरून हात फिरवला.

"आक्का, आमच्या दाराच्या बिजागऱ्या डाव्या हाताला हुत्या. ह्याच्या उजव्या हाताला हायत."

दार त्याच्या जहाजाचं नव्हतंच. धाकट्या बहिणीचं होतं. त्या जहाजावर काय झालं, काही झालं की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

मी म्हटलं, मग आपल्याला काय त्याचं? काढ ते दार, दे भंगारात.

तो म्हणाला, "कुणाचा का असंना... बाहेर तर काढाया पायजे."

रविवारी मी चर्चमधून तशीच मळ्यात गेले. हातात झावळीचा क्रूस होता. नोहा बॅटरी घेऊन आत शिरला. मी दार धरून उभी राहिले. त्याने बजावलं होतं, काही झालं तरी सोडायचं नाही.

आतून आवाज आला. टक् टक्... टक्.

मला हसू आलं. लहानपणी उशिरा घरी आला की असाच कडी वाजवायचा, दोनदा आणि मग एकदा. वडील उठायच्या आत मी दार उघडायची.

मग बॅटरी विझली.

मी हाक मारली.

मग अगदी दारापाशी, संथ... टक्. टक्. टक्.

आणि नोहा बाहेर आला.

घामाने निथळत होता. चेहरा शांत. त्याने दार लावलं, खिट्ट्या आवळल्या आणि सरळ मोटारीकडे गेला. ठोकलं नाही. मी आठवण केली.

"रिकामी आहे, ताई," तो म्हणाला.

पाणी धो धो पडायला लागलं. आता ऊस वाचणार, ह्या आनंदात मी घरी आले. ताई हा शब्द रात्री अंथरुणावर आठवला. जन्मात त्याने मला आक्काशिवाय हाक मारलेली नाही.

आता तो नीट जेवतो. माझ्या भाकरीला नावं ठेवत नाही. खरं तर तिथेच ओळखायला हवं होतं. स्वतःच्या घराचं दार उघडताना त्याचा हात आधी भलत्याच बाजूला जातो. मग थांबतो... मग कडी शोधतो.

काल दुपारी डबा घेऊन गेले. तो लांब लिंबाखाली पाठमोरा बसला होता. टाकी काठोकाठ भरलेली. पाना तिथेच पडला होता. मी उचलला आणि दारावर हळूच तीनदा ठोकलं.

आत पाणी. वरपर्यंत पाणी.

आणि त्या पाण्यातून...

टक् टक्... टक्.

माझ्या हातातला डबा पडला. खिट्टीला हात घातला, तर ती हलेना. आतून पाण्याचा रेटा. मागे वळले तर तो माझ्यामागे उभा.

"भरलेलीच राहू दे, ताई," तो म्हणाला. मायेनेच म्हणाला. सांडलेली भाजी त्याने गोळा करून दिली.

मी घरी आले. पाना पदराखाली घेऊन आले. टाकीचं पाणी उसाला सोडलं की ती रिकामी होईल, आणि मग दार उघडेल. आत काय असेल, ह्या विचाराने माझा हात व्हॉल्व्हकडे जात नाही. न सोडावं, तर तो आवाज कानातून जात नाही.

परवा प्रार्थना पुण्याहून येईल. घराची कडी वाजवेल. "आलो," म्हणत तो आतून उठेल...

आणि हात आधी भलत्याच बाजूला नेईल.