आतल्या खोलीतली ज्योत

लढाईचे दिवस होते आणि घासलेट रेशनवर मिळत होतं. शमशाद बाटली घेऊन कोल्हारच्या बाजारात गेली तेव्हा दुकानदारानं नुसती मान हलवली.

"नगरहून मालच आला न्हाई. मेनबत्त्या हायेत. न्या तर."

तिनं मेणबत्त्यांचा पुडा घेतला, रिकामी बाटली पदराखाली धरली आणि नदीच्या अंगाला असलेल्या घराकडे निघाली.

घर कसलं, धाब्याच्या दोन खोल्या. नवरा मोहियोद्दीन फौजेत लॉरी चालवायला ब्रह्मदेशाकडे गेलेला. त्याच्या माघारी शमशाद सासूला घेऊन राजूरला दिराकडे राहिली. राहिली म्हणजे राबली. एक दिवस तिनं शिवायचं हातमशीन डोक्यावर घेतलं आणि कोल्हारची वाट धरली, कारण इथं बायकांचे कपडे शिवणारं बाईमाणूस नव्हतं. म्हातारी खातूनबी पोटच्या लेकाला सोडून सुनेमागं चालत आली, यातच काय ते समजावं. दीर अलीमनं मात्र बजावलं होतं. "लगीनसराईनंतर बगायला येतो. चूल थंड दिसली तर दोगींना माघारी नेनार."

घरमालक सूर्यभाननं खोल्या देतानाच सांगितलं होतं, "भायेरच्या खोलीत काय बी करा. आतल्या खोलीत दिवा टिकत न्हाई. रतनबाई म्हनून एक बाई ऱ्हायची. चिमनी कलंडली, लुगड्यानं पेट घेतला, आतच गेली बिचारी. तवापासनं दिवा लावला की इझतो. मागचं बिऱ्हाड आठवडाभर बी टिकलं न्हाई."

आजवर शमशादचं काही अडलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत कंदील असे, काचेआड ज्योत सुखरूप राही. पण उघड्या मेणबत्तीला प्रवरेवरचा वारा कसा सोसावा? बाहेरच्या खोलीत ती धड एक टाका घालू देईना. आणि सूर्यभानच्या पुतणीच्या हळदीचे कपडे तर कापून पडले होते.

दिवेलागणीला तिनं मशीन आत नेलं.

शमशादचा बाप संगमनेरकडच्या एका लहानशा दर्ग्यात मुजावर होता. मेणबत्ती कशी जाळावी हे ती बापाच्या मांडीवर शिकली होती. तिनं पितळी ताटलीत नदीची वाळू पसरली, मेणबत्ती सरळ रोवली, वात कात्रीनं नखाएवढी ठेवली. कापडाचा ढीग दुसऱ्या भिंतीला नेला. खिडकीला गोणपाट लावलं. पाण्याची कळशी जवळ घेतली. मगच काडी ओढली.

ज्योत उभी राहिली. मशीन घरघरू लागलं.

पहिली शिवण संपत आली तोच ज्योत वाकली. वारा नव्हता, गोणपाटाचा धागासुद्धा हलत नव्हता, पण ज्योत कुणीतरी मान दाबावी तशी खाली गेली, निळी झाली आणि विझली. अंधारात मेणाचा वास यायला हवा होता. वास आला तो करपलेल्या केसांचा.

शमशादनं पुन्हा काडी ओढली. पुन्हा तेच. या खेपेला विझायच्या आधी तिनं आवाज ऐकला... फू... अगदी हलका, थकलेल्या बाईनं दिवा विझवताना करावा तसा. आणि तिच्या बोटांच्या पेरांवरून गार श्वास गेला.

दाराशी सासू येऊन उभी होती.

"बेटी, बाहेर ये."

"अम्मा, वात लांब हुती."

"वात लांब असली तर धूर होतो. फुंकर येत न्हाई." म्हातारीचा आवाज अगदी खाली गेला होता. "राजूरला जाऊ. अलीम काय मारनार हाय का आपल्याला?"

शमशादला राजूरचं अंगण आठवलं. पहाटेपासून घासायची भांडी, जावेचे टोमणे, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकर. भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी तापत होतं.

"मारनार न्हाई," ती म्हणाली. "पन मी जानार न्हाई. तुमी भायेर बसा, अम्मा."

तिनं दार लोटून घेतलं. अंधारात एकटीच उभी राहिली. करपट वास आता इतका जवळ होता, की मान वळवली असती तर गालाला लागला असता.

"रतनबाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, तरी तिनं बोलणं थांबवलं नाही. "तू हितं जळालीस. लई वाईट झालं. पन मला हितंच ऱ्हायाचं हाय. मला दुसरं घर न्हाई."

कोपऱ्यात काहीतरी सरकलं. कापडावर कापड घासल्यासारखं.

"आता बग." तिनं काडी ओढली. ज्योत थरथरली. "ही वाळू. मेनबत्ती पडली तरी वाळूत पडंल. ही कळशी, भरल्याली. कापड तिकडं, हातभर न्हाई, चांगलं चार हात लांब. पदर बग कमरेला खोचलाय, केस बांधल्यात. हितनं उठताना मी ज्योत मागं ठेवून जानार न्हाई, आन डोळा लागंपत्तूर हिला जळू देनार न्हाई. अजून काय पायजे तुला?"

ज्योत खाली गेली. निळा मणी झाली. शमशादनं हात आडवा धरला नाही, डोळेही मिटले नाहीत.

"किती बी येळा इझव. मी पुना लावीन. पुडा संपला तर दुसरा आनीन. तू दमशील, मी दमनार न्हाई."

निळा मणी तसाच राहिला. बाहेर खातूनबी पुटपुटत कलमा म्हणत होती. नदीकडून टिटवी ओरडत गेली. किती वेळ गेला कोण जाणे. मग ज्योत हळूहळू पिवळी झाली, सरळ झाली, आणि वात चर्रर्र करून नीट जळू लागली.

शमशाद मशीनवर बसली. तिनं शिवण पुरी केली. उठताना फुंकर न मारता वातीवर पितळी झाकण ठेवलं. खोलीत मेणाचाच वास राहिला.

त्यानंतर ज्योत विझली नाही. मेणबत्ती वाऱ्याच्या झोतातून काढून तिनं आडोशाला ठेवली, मग गोणपाटही काढून टाकलं आणि खोलीला हवा मिळू लागली. हळदीचे कपडे वेळेवर गेले. मागोमाग दुसरी कामं आली. अलीम आला, चुलीवरची तवाभर भाकरी बघून ओशाळला, आणि आईच्या हातचा चहा पिऊन एकटाच परत गेला. गावात बाया म्हणू लागल्या, शमशादनं रतनबाईला घरातनं काढली. शमशाद म्हणे, "काढली न्हाई. ऱ्हाती ती. तिची खोली तिला, माजी मला."

असाच महिना गेला. शेजारच्या घरात नवी सून आली होती, गोजरबाई नावाची. नेवाशाकडची, या गावाचं तिला काही ठाऊक नव्हतं. एका सकाळी ती चोळीचं माप द्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली,

"भाबी, रागावू नगा, पन एक सांगू? सांजच्याला आमच्या परसातनं तुमची खिडकी दिसती. तुमी मशनीवर असता, ती दुसरी बाई भिताडाला टेकून उबी असती. पन त्या धाकटीला जरा आवरा की. सारकी ज्योतीला हात लावाया बगती. ती बाई बिचारी किती येळा तिला मागं वढती."

शमशादच्या हातातली फीत थांबली.

"कोन धाकटी?"

"तुमची न्हाई व्हय ती?" गोजरबाई गोंधळली. "आसंल चार-पाच वर्सांची."

माप घेऊन झाल्यावर शमशाद तडक सूर्यभानच्या मळ्यात गेली. तो मोट हाकत होता. त्यानं बैल थांबवले.

"रतनबाईला लेक हुती का?"

"छे," तो म्हणाला. "मूलबाळ न्हाई म्हनून तर नवऱ्यानं टाकली हुती. एकटीच ऱ्हायची. शेवटाला म्हनायची, कुनाचं तरी लेकरू दिव्याला हात लावाया येतं. का वो?"

"काय न्हाई," शमशाद म्हणाली.

घरी येऊन तिनं सासूला काही सांगितलं नाही. दिवेलागण झाली तशी ती नेहमीसारखी आत गेली. वाळूची ताटली तिनं आज भिंतीतल्या वरच्या कोनाड्यात ठेवली, तिच्या स्वतःच्या डोक्याहून उंच. टाचा उंचावून मेणबत्ती पेटवली. कळशी भरलेली आहे ना ते पाहिलं. मशीनवर बसली आणि चाक फिरवलं.

बऱ्याच वेळानं पाठीमागं लाकडी पाट जमिनीवरून सरकला. कोनाड्याच्या दिशेनं, थोडाथोडा, जड वस्तू ओढताना लहान मूल थांबत थांबत ओढतं तसा.

शमशादनं मान वळवली नाही. चाकही थांबवलं नाही.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

पाट थांबला.

शिवण अर्धी झाली असेल. भिंतीपाशी कुणीतरी फार दुःखानं श्वास सोडला. आणि पाट पुन्हा सरकू लागला.