वारा किती, काका?

खिडकी लावून घे रे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये नको. ही गोष्ट माझ्या साडूची. साडू म्हणजे एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं, ती एकमेकांशी खोटं बोलत नाहीत. त्यानं मला सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो.

विमान चालवायला शिकवतात अशा एका छोट्या धावपट्टीवर तो नोकरीला होता. टॉवरमध्ये बसून रेडिओवर बोलायचं काम. सोळा नोव्हेंबर, गुरुवार. जेवण झालं, पेपर उघडला, तर चष्मा नाही. टॉवरमध्येच राहिलेला. घर जवळच होतं. त्यानं सायकल काढली.

बायको म्हणाली, "सकाळी आणा की."

"हा गेलो आणि हा आलो," म्हणाला. तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

आता त्याच्या तीन आठवडे आधीचं ऐका. एका शिंप्याची मुलगी तिथं शिकत होती, एकोणीस वर्षांची. पहिल्या दिवशी बापानं साडूचे दोन्ही हात धरले होते. "साहेब, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पोर तुमच्या भरवशावर सोडतोय." ती साडूला काका म्हणायची. रेडिओवर सगळे ठरावीक भाषेत बोलतात, पण ही उतरताना विचारायची, "वारा किती, काका?"

अपघात झाला त्या दिवशी ती एकटीच विमान घेऊन गेली होती. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली म्हणून खाली उतरवलेली. म्हणजे वारा कळायचा तो फक्त साडूच्या तोंडून. आणि साडू फोनवर गप्पा मारत होता. तिनं विचारलं. यानं समोरचा वाऱ्याचा काटा बघितलाच नाही, अर्ध्या तासापूर्वीचं सांगून टाकलं. "समोरून, मंद. ये बिनधास्त."

मला कसं माहीत? फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होतो.

वारा तोवर फिरून आडवा झाला होता. विमानाचं एक चाक टेकलं, विमान उसळलं, पंख जमिनीला घासला आणि ते उलटं झालं. पोर दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

चौकशीत साडू म्हणाला, मी तिला आडवा वारा सांगितला होता. रेकॉर्डिंग नीट निघालं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. निकाल लागला, चूक विद्यार्थिनीची.

चष्मा राहिला त्याच गुरुवारी दुपारी शिंपी टॉवरखाली आला. "साहेब, तुम्ही सांगितलेलं तिनं ऐकलं नाही का हो?"

"नाही ऐकलं," साडू म्हणाला.

"तुमचं तर ती सगळं ऐकायची..." एवढंच बोलून तो गेला. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे.

तर त्या रात्री साडू जिना चढला. चष्मा टेबलावरच होता. उचलला. वळला.

आणि रेडिओ खरखरला.

बटण बंद होतं. त्यानं स्वतः बंद केलेलं.

"काका..."

तो हलला नाही.

"उतरतेय, काका. वारा किती?"

आवाजात राग नव्हता. रोजच्यासारखाच आवाज. भरवशाचा. साडू म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बाहेर मिट्ट काळोख. धावपट्टीचे दिवे बंद. आकाशात काही नाही. पण इंजिन ऐकू येत होतं... जवळ... आणखी जवळ.

"काका... वारा?"

त्यानं काट्याकडे बघितलं. या वेळी बघितलं. माइक धरला.

"डावीकडून. आडवा. सांभाळून ये, पोरी... खरं सांगतोय."

रेडिओ नुसता खरखरत राहिला.

मग, अगदी हळू... "तेव्हाही खरंच सांगितलं होतंत ना, काका?"

...

त्यानं माइक खाली ठेवला.

इंजिन थांबलं. टॉवरच्या अगदी खाली.

साडूला जिना उतरवेना. रात्रभर तो तिथंच भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं खरं लिहून दिलं. नोकरी गेली. शिंप्याकडे गेला, तर त्यानं दार उघडलं नाही. आतून शिलाईचं मशीन चालू असल्याचा आवाज तेवढा येत होता.

मला विचाराल तर मी म्हणेन, दमलेल्या माणसाच्या मनाचे खेळ. म्हटलंही असतं. पण पहाटे मेहुणीचा फोन आला म्हणून त्याला शोधायला आधी मी गेलो होतो. सगळी विमानं शेडमध्ये, शेडला कुलूप. आणि धावपट्टीपासून टॉवरपर्यंतच्या गवतावर दव पडलेलं.

त्या दवात तीन चाकांचे माग होते. सरळ जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आलेले.

परत गेलेले नव्हते.