दोन ते चारचा पहारा

तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे. पण यातला एक शब्दही पदरचा नाही. ज्याच्या पायांवर त्या खुणा आहेत तो भटू आजही सुरतेत, पांडेसऱ्यात राहतो. कुणी विचारलंच तर मोजे काढून दाखवतो.

गेल्या दत्तजयंतीचा सप्ताह. रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजत आले होते, लख्ख ऊन होतं.

बमरोलीला खानदेशी मंडळींचा पत्र्याचा हॉल आहे. दोन्ही अंगांना लूमचे, यंत्रमागांचे कारखाने. दिवसभर खटखट, खटखट. त्या खटखटीतच आठ दिवस देवाचं नाम चालतं, आणि तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा. पुढचा माणूस येतो, उभा असलेल्याच्या पाया पडतो, मगच वीणा त्याच्या गळ्यात जाते.

बारा ते दोन भटूचा पहारा. दोन ते चार त्याच्या भाच्याचा, वाल्मिकचा.

असायचा.

वाल्मिक डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर कामाला होता. हात कोपरापर्यंत निळे. मंडळी चिडवायची, "अरे, विठ्ठल नुसता सावळा, तू तर डायरेक्ट निळा!" तो हसायचा. पण गायला लागला की कीर्तनकार बुवासुद्धा निरूपण थांबवून ऐकत बसायचे.

सप्ताहाच्या चार महिने आधी मिलमधून कापडाचे ताके चोरीला गेले, आणि त्याचं नाव पुढे आलं. पोरगा घाबरून लपला.

तेव्हा लोटू भटूच्या घरी आला. पोलिसात जमादार, गाव धुळ्याकडचं, मंडळाचा पखवाज त्याच्याच हाती. वाल्मिकची आई, भटूची बहीण उषाबाई, रडत बसली होती. तिच्यासमोर लोटूनं देव्हाऱ्याजवळच्या वीणेवर हात ठेवला.

"मामा, त्याले हजर करा. मी शे ना. त्याले कोनी हात लावाव नही."

वीणेवरची शपथ! भटूनं भाच्याचा हात धरला आणि स्वतः नेऊन लोटूच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी, चोरीचा माल दाखव म्हणून, वाल्मिकला खाडीकाठी नेलं. तो पळाला म्हणे. लोटूनं गोळी झाडली.

पाठीत.

त्याच संध्याकाळी लोटू कागद घेऊन आला. डोळे लाल झालेले. "मामा, तुम्ही त्याला आपणहून हजर केलं, एवढंच लिहिलंय. सही करा, म्हणजे मयत लवकर ताब्यात मिळेल."

कागद गुजरातीत होता. पंचवीस वर्षं सुरतेत काढलेल्या भटूला गुजराती बोलता येतं... वाचता येत नाही. त्यानं खाली मराठीत सही केली.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी त्या कागदाची नक्कल उषाबाईच्या वकील गायत्रीताईंनी वाचली. वाचता वाचता थांबल्या.

"मामा, यात लिहिलंय की 'मी पळणार आणि आडवा येईल त्याला मारणार,' असं पोरगा तुमच्यासमोर बोलला होता."

भटूनं कागद ओढून घेतला आणि खालची आपली मराठी सही पाहिली.

"पळणाऱ्याला धरायला लागेल तेवढंच बळ वापरायचं, मामा. ज्या गुन्ह्याला फाशी नाही, जन्मठेप नाही, त्यातला आरोपी पळतो म्हणून त्याचा जीव घ्यायची मुभा कायदा देत नाही. ही तर साधी चोरी. म्हणून त्यांना दाखवायचंय की पोरगा अंगावर आला. त्यासाठी तुमची सही घेतली. सोमवारी चौकशीत मॅजिस्ट्रेटसमोर खरं सांगाल?"

"सांगतो," भटू म्हणाला. पण मनात येत होतं, सोमवारआधीच गावाला निघून जावं. जबाब फिरवला तर तुम्हीच आत जाल, असं लोटू दोनदा हसत हसत बोलून गेला होता.

आणि हॉलच्या फळ्यावर दोन ते चारच्या पुढे नाव होतं... लोटू. "वाल्मिकचा पहारा मीच करतो," असं त्यानं स्वतः सांगितलं होतं.

दोनला पाच कमी. सगळे मागच्या गल्लीत पंगतीला बसलेले. हॉलमध्ये भटू एकटा, डोळे मिटून, "रामकृष्णहरी" म्हणत उभा. डोळे मुद्दाम मिटलेले. लोटूचं तोंड त्याला बघायचं नव्हतं.

दोन वाजून गेले, आणि... खटखट थांबली.

दोन्हीकडची. एकदम.

मग...

खर्र... टप. खर्र... टप.

वाल्मिकची एक चप्पल तुटकी होती, तारेनं बांधलेली. तो पाय घासत चालायचा.

आला वाटतं लोटू, भटूनं मनाला समजावलं.

मिलमधल्या रंगाचा उग्र वास आला. ओली, गार बोटं पायांवर टेकली. नुसती टेकली नाहीत... घोटे धरले. घट्ट.

मग सोडले.

भटूनं डोळे न उघडता वीणा गळ्यातून काढली आणि पुढे केली. कुणीतरी घेतली. तिचं वजन हातातून गेलं. तो पाठ फिरवून दाराकडे निघाला.

दारात लोटू चपला काढत होता.

"उशीर व्हयना, मामा." त्यानं भटूच्या गळ्याकडे पाहिलं. "वीणा कोठे शे?"

आतून तार वाजली.

दोघे वळले. वीणा हॉलच्या मधोमध उभी होती. माणसाच्या छातीच्या उंचीवर, अधांतरी. पट्टा गळ्याभोवती असावा तसा गोल ताणलेला...

आत गळा नव्हता.

"मामा... तुम्ही घ्या ना ती."

"पहारा तुझा आहे," भटू म्हणाला. आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "पाया पड आणि घे."

लोटू पुढे गेला. वाकला. हात अर्ध्यावरच थांबले. समोर पाय नव्हते. फरशीवर एकेक निळा थेंब पडत होता.

लोटू उलटा फिरला आणि पळत सुटला. अनवाणी. दोन्ही हात मागे, पाठीवर धरून.

"मामा, त्याले सांगा... पाठमा नको! पाठमा नको!"

भटूनं ते ऐकलं. त्यानं पुढे होऊन फरशीला कपाळ टेकलं. उठला तेव्हा वीणा त्याच्या गळ्यात होती, आणि बाहेर लूम चालू होते. शेजारच्या कामगारांना विचारलं. ते म्हणतात, लूम थांबलेच नव्हते.

सोमवारी भटूनं सगळं खरं सांगितलं. जबाब मराठीत लिहून घ्यायला लावला, वाचला, मग सही केली. लोटू निलंबित आहे. चौकशी अजून चालू आहे. तो आता भिंतीला पाठ लावल्याशिवाय कुठेच बसत नाही म्हणे.

भटूच्या घोट्यांवर निळ्या बोटांच्या खुणा आहेत. साबणानं गेल्या नाहीत, रॉकेलनं गेल्या नाहीत.

"भाऊ, तो तुना पाया पडी गया," उषाबाई म्हणते. "माफ करं त्यानी तुले."

भटू मान हलवतो. पण पाया पडणाऱ्याची बोटं पावलांवर टेकतात. या खुणा घोट्यांना वेढून, मागपर्यंत गेल्यात. चौकशीची तारीख जवळ आली की त्या गार पडतात.

पळेल अशी शंका असलेल्या माणसाला धरावं, तसं धरलं होतं त्यानं.

लागेल तेवढंच बळ लावून.