सहावं काडतूस

यातलं काही रचलेलं नाही. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, आर्डिस हॉगन खोटं बोलत नाही. बंदूक कशी धरायची आणि कधी खाली ठेवायची, हे तिनं शाळेच्या तळघरात इथल्या दोन पिढ्यांना शिकवलं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

मार्चअखेरची दुपार होती. पातळ ऊन पडलं होतं. कुंपणाच्या सावलीत अजून बर्फ होता.

गाई विण्याचे दिवस. आर्डिसला कित्येक रात्री धड झोप नव्हती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवली होती. दिसायला जुळी. एक जुनं, आर्डिसच्या थोरल्या भावाचं, ऑरिनचं. दुसरं त्याच घडणीचं, पण हल्लीच्या काळातलं. नुकतंच विकत घेतलेलं.

वरच्या कुरणातून पुमानं, डोंगरातल्या त्या मोठ्या रानमांजरानं, वासरं न्यायला सुरुवात केली होती. आर्डिसची नात मारिट आजपासून तिकडे एकटी जाणार होती. कोणतं न्यायचं, एवढाच प्रश्न.

"जुनं," मारिट म्हणाली. "आवाज ऐक ना त्याचा."

तिनं त्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागची हातोडी, अंगठ्यानं मागे ओढला.

टिक्... टिक्... टिक्... टिक्.

"नवीन बिचारं जवळजवळ मुकं आहे."

"पुमा गाणं ऐकायला येत नाही, बाई. जुन्यात कसं भरतात, सांग बघू."

"आजी, माझे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून पाठ आहे."

"मग म्हण."

मारिटनं उसासा टाकला. "एक भरा, एक सोडा, चार भरा. घोडा पूर्ण ओढा, अलगद खाली आणा. म्हणजे तो काडतुसाच्या रिकाम्या घरावर टेकतो."

"आणि भरलेल्या घरावर टेकला तर?"

मारिटनं जुनं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. तिला ते ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ऑरिन कायम सहाही घरं भरायचा. पाच म्हणजे भित्र्यांचा हिशेब, म्हणायचा. एका सकाळी तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना त्यानं रिकीब, पाय ठेवायची लोखंडी कडी, वर खोगिराच्या मुठीला अडकवली. ती निसटली आणि कमरेच्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर आदळली. गोळी मांडीतून गेली. डॉक्टर येईपर्यंत मागच्या खोलीत सगळं संपलं होतं. आर्डिस तेव्हा शाळेत जात होती.

"नव्यात आत एक पट्टी असते," ती म्हणाली. "चाप दाबल्याशिवाय घोड्याचा धक्का काडतुसापर्यंत पोचत नाही. सहा भर आणि खुशाल जा. मला आता आणखी कुणाला बर्फातून उचलायचं नाही. दमलेय मी, पोरी."

"बरं. मुकं तर मुकं."

मारिटनं आजीसमोर सहा काडतुसं भरली. कातडी म्यानात घालून रिव्हॉल्व्हर दाराजवळच्या खुंटीला अडकवलं आणि बिस्किट नावाच्या आपल्या घोडीला आणायला गेली.

आर्डिसनं कॉफी ओतली. घरात ती एकटीच होती.

तेवढ्यात मागच्या खोलीतून...

टिक्... टिक्... टिक्... टिक्.

तिनं टेबलाकडे पाहिलं. जुनं रिव्हॉल्व्हर जिथल्या तिथे होतं. घोडा खाली.

झोप हवी आहे, ती स्वतःशी म्हणाली. दुसरं काही नाही.

मारिट आत आली. शिकवल्याप्रमाणे तिनं रिव्हॉल्व्हर उघडून पाहिलं.

"आजी... पाचच आहेत."

"नीट बघ."

"तूच बघ."

पाचच होती. घोडा बरोबर रिकाम्या घरावर टेकलेला होता. जुन्यात टेकवतात, तसा.

त्यांनी फरशी पाहिली. म्यान झटकलं. खोक्यातून नवीन काडतूस घेऊन घर भरलं. सहा. दोघींनी मोजली. रिव्हॉल्व्हर पुन्हा खुंटीला गेलं.

मागच्या खोलीत पुन्हा तोच आवाज.

पुन्हा पाच.

"तू गंमत करत असशील तर आत्ताच सांग," मारिट म्हणाली. ती हसत नव्हती.

आर्डिस मागच्या खोलीच्या दारात गेली. आत कुणी नव्हतं. फक्त घामेजलेल्या घोड्याचा वास होता... त्या खोलीत खोगीर कधी ठेवत नाहीत.

ती चौकटीला टेकली. वर्गातल्या मंद पोराला समजवावं, तशा आवाजात म्हणाली, "ऑरिन, हे नवीन आहे. यात सहा चालतात. त्या सकाळी तू शिकलास ते बरोबरच आहे रे. फक्त हे वेगळं आहे."



मारिट पाचच घेऊन गेली. संध्याकाळी सुखरूप परतली.

त्यानंतर रोज तेच. सहा भरायची, आवाज यायचा, पाच उरायची.

"ऑरिनआजोबा काळजी घेतायत," मारिट म्हणाली. तिची भीती गेली होती. "पुमाला पाच पुरेत. त्यांची हौस होऊ दे."

आर्डिसलाही ते पटलं. उशिरा का होईना, भाऊ शहाणा झाला. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा गाढ झोपली.

मग एका सकाळी गोठ्यातून परतताना तिच्या मनात आलं...

काढलेली काडतुसं जातात कुठे?

खोलीत नव्हती. अंगणात नव्हती. ती उंबऱ्यावर बसली आणि बोटांवर मोजू लागली. काल गेलं ते सहावं.

ऑरिन पाचावर कधीच थांबला नव्हता. आता त्याची सहाही घरं भरली होती.

त्या सकाळी मारिटनं रिव्हॉल्व्हर उघडलं, तर सहाच्या सहा जागेवर होती. मागच्या खोलीत काही वाजलं नाही.

त्यानंतर आजवर वाजलेलं नाही.

मारिट म्हणते, झालं, संपलं. जुनं रिव्हॉल्व्हर पेटीत बंद आहे. आर्डिसनं ते तपासलंय. रिकामं आहे.

पण रोज सकाळी मारिट बिस्किटचा तंग आवळते, तेव्हा आर्डिस अंगणात येते. रिकीब मुठीला अडकवू देत नाही. स्वतःच्याच हातात उचलून धरून उभी राहते.

"आजी, नव्याला काही होत नाही. तूच सांगितलंस ना?"

"नव्याला नाही होत," आर्डिस म्हणते.

खांदा भरून येतो. तंग आवळून होईपर्यंत ती हात सोडत नाही, आणि मागच्या खोलीच्या खिडकीकडे बघत नाही.